घाटावर दिलेला शब्द

खोटं बोलायची माझी सवय तशी जुनी. पण मेलेल्या माणसाशी मी एकदाच खोटं बोलले, आणि पुढचे दोन महिने जिवाला जो घोर लागला तो वैऱ्यालाही लागू नये.

मी तेव्हा नांदेडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं. मला तिथून शिकायला बाहेर काढलं ते थोरल्या चुलत्यांनी. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. बारावी झाली तशी वडलांनी स्थळं बघायला घेतली होती. अण्णा नुसतं "थांबवा ते" म्हणाले आणि ते थांबलं. त्यांच्यापुढं बोलायची घरात कुणाची टाप नव्हती.

शेवटच्या परीक्षेआधीच हैदराबादच्या एका विद्यापीठाचं पत्र आलं. एमएस्सीला जागा मिळाली होती. पत्राच्या तळाला एक ओळ होती : बीएस्सीचे सगळे विषय सुटल्याची गुणपत्रिका ठरल्या तारखेपर्यंत दाखवली नाही, तर प्रवेश रद्द. ती ओळ घरात मी एकटीनंच वाचली. अण्णांनी गावभर पेढे वाटले, आणि मी, काय सांगू, हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तशी माझी गत. जागा मिळालीय म्हटल्यावर पुस्तक कशाला उघडायचं? मैत्रिणींच्या बहिणींची लग्नं, मोबाइलवर मालिका, दुपारभर झोप. फिजिकल केमिस्ट्रीच्या पेपरात तीन प्रश्न कोरे सोडले आणि घंटा होईपर्यंत पंख्याकडं बघत बसले.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "पेपर कसा गेला गं बाई?"

"मस्त गेला, अण्णा."

अण्णा एवढंच म्हणाले, "बरं. जेव पोटभर."

चौथ्या दिवशी अण्णा ओट्यावर बसल्या बसल्या गेले. चहाचा कप हातात तसाच होता म्हणे.

आमच्या घरात दहावा गंगेवर करतात. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. सगळे नांदेडला आले. घाटावर पत्रावळीत पिंड मांडला, शेजारी अण्णांच्या आवडीची कांद्याची भजी, कपभर चहा, तंबाखूची पुडी. आम्ही बाजूला सरकून हात जोडले. कावळा शिवला की माणूस मोकळा झाला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मागं राहिलंय.

नांदेडच्या घाटावर कावळ्यांना काय तोटा! भिंतीवर ओळीनं बसले होते. पण एकही ओरडत नव्हता, आणि पिंडाकडं बघतही नव्हता. आमच्याकडं बघत होते. मी आधी मोजायला लागले आणि मग मोजायचं सोडून दिलं.

वडील पुढं झाले. "अण्णा, विहिरीचं राहिलेलं काम मी पुरं करतो." काही नाही. धाकटे काका म्हणाले, "बांधाचं भांडण मिटवतो, अण्णा." एक कावळा उठला, पिंडावरून फिरला आणि पुन्हा जाऊन बसला. अण्णांची बायको, आमची काकू, पदर तोंडाशी धरून खाली बसली होती. ऊन चढलं. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. गवताच्या कावळ्यानं पिंड शिवायची वेळ आली तर आमच्याकडं ते दोन पिढ्या बोलून दाखवतात. आत्यानं मला मागून ढकललं. "अगं, सगळा जीव तुझ्यात व्हता त्याचा. बोल की!"

तापलेल्या फरशीवर मी अनवाणी पुढं गेले. सगळे माझ्याकडं बघत होते, भिंतीवरचेही. खरं सांगायची ती एक वेळ होती आणि माझी छाती झाली नाही.

"अण्णा, पेपर चांगले गेलेत. हैदराबादचं पक्कं हाय. घोर करू नका."

तोंडातून शब्द पुरता निघाला नसेल, एक कावळा सरळ खाली उतरला आणि त्यानं पिंडात चोच खुपसली. मागं रडं फुटलं. आत्यानं मला छातीशी धरलं. माझ्या मात्र पाठीवरून सरसरून काटा गेला. माणूस खोट्यावर मोकळा झाला होता! ते खोटं उघडं पडलं तर? मोकळं झालेलं माणूस माघारी येतं का? हे विचारायचं तरी कुणाला?

सुट्टीला गावी आले तर माझ्याआधी ती गोष्ट पोचली होती. पोरीच्या शब्दाला कावळा शिवला! बाया दारात थांबून मला न्याहाळून जायच्या. एकीनं तर विचारलं, "आमच्या सासऱ्याच्या दहाव्याला येतीस का?" मी हसले नाही. अण्णांच्या रिकाम्या ओट्याकडं बघत मी आत-बाहेर करायची, पण त्यावर पाय टाकायची नाही.

त्याहून वाईट होता अण्णांचा फोन. काकूनं तो बंद केलाच नव्हता. रोज चार्जिंगला लावायची, आणि मग कपाटात त्यांच्या धोतरांवर ठेवायची. भर दुपारी कपाटात फोन वाजायचा. कुठल्यातरी कंपनीचाच असणार, पण घर गप्प व्हायचं. काकू हात पुसत जायची, फोन कानाला लावायची आणि काही न बोलता ऐकत उभी राहायची. आणि नांदेडच्या विद्यापीठाच्या साइटवर पालक म्हणून मी नंबर दिला होता तो हाच. निकाल बघायचा तर ओटीपी अण्णांच्या फोनवर येणार होता.

निकाल लागला त्या दिवशी घरात आम्ही दोघीच होतो. मी माझ्या मोबाइलवर परीक्षेचा नंबर टाकला. आतल्या खोलीत, बंद कपाटात, टुंग वाजलं. अण्णांनी आतून "हं, बघ" म्हटल्यासारखं वाटलं, खोटं नाही सांगत.

काकूनं फोन आणला, चष्मा लावला आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. पान उघडलं. पाच विषय सुटले होते, एक राहिला होता. तो कुठला ते मला बघावं लागलंच नाही. पुन्हा परीक्षा हिवाळ्यात, आणि हैदराबादची तारीख पुढच्याच महिन्यात. जागा गेली.

"काकू, मी नापास झाले." मग थांबताच येईना. "मी घाटावर खोटं बोलले. अण्णांना फसवलं मी. ते खोट्यावर गेले."

काकूनं चष्मा काढून पदरानं पुसला. "ठाव हाय मला."

"काय ठाव हाय?"

"त्या दिशी तुझा फोन ठिवला अन् मला म्हणले, पोरीनं पेपर घालवला. मस्त म्हणायलीय, पण आवाज तिचा न्हाई. आता हे समदे तिच्या लग्नाला उठतील, बग."

मी विचारलं, "मग कावळा कसा शिवला?"

"तू तिथं बोलायलीस, अन् मी पदराआड म्हणले, ती नापास झाली तरी तिला घरी बसू द्यायची न्हाई. म्या बघते तिचं. तवा उतरला त्यो." आणि जरा घुश्शातच म्हणाली, "तुझ्या थापेला कशाला शिवतोय? बारा वर्सांची व्हतीस तवापासून ते तुझ्या थापा वळखत व्हते."

दोन महिने मी अण्णांना नुसती भ्याले होते. ते गेले म्हणून एकदाही रडले नव्हते. त्या दुपारी काकूच्या मांडीत तोंड खुपसून रडले, हमसून हमसून, नाक गळेपर्यंत.

काकूनं रडू दिलं. मग पाठीवर थाप मारून म्हणाली, "बास आता. तुझा बाप यायच्या आत त्या हिवाळ्यातल्या परीक्षेचा फारम कवा भरायचा ते बग."