हरवलेल्या कुत्र्याखालची जाहिरात

लंडनच्या एका ग्रंथालयात मी आणि लेक जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं चाळत होतो. गुलामगिरीवरचे लांबलचक अग्रलेख वाचले. त्यांत माणूस असा एकही भेटला नाही. तो भेटला एका छोट्या जाहिरातीत, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली. पळालेला गुलाम ओळखू यावा म्हणून मालकानं छापलं होतं: बासरी सुरेख वाजवतो, बोलताना हसतो. मी थक्क झाले. पकडायला लिहिलेल्या ओळींतच तो इतकी वर्षं हसत होता!

पुढच्या अंकांतही तीच जाहिरात होती. मग एका अंकात ती दिसेना.

"आई, सापडला असेल का गं तो?" लेकीनं हळूच विचारलं.

पानं मिटताना आम्ही जराही आवाज होऊ दिला नाही. तो अजून तिथंच कुठंतरी लपलेला असावा, तसं.