दहा वर्षांखालच्यांसाठी

लीड्सला आम्ही चार वर्षं राहिलो. त्या चार वर्षांत मला मैत्रीण म्हणावी अशी एकच बाई भेटली, आणि तिच्याशी मी जे वागले ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगायचा प्रश्न नव्हता, तो तिथेच बसला होता.

तिचा नवरा आणि माझा नवरा एकाच बँकेच्या प्रोजेक्टवर होते. तिचा नवरा दोन वर्षांनी सीनियर. मी पुण्याची, इंग्लिश मीडियमची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली बरी नोकरी सोडून डिपेंडंट व्हिसावर आलेली. ती वर्ध्याकडच्या एका तालुक्याच्या गावातून आलेली, मराठी शाळेत शिकलेली, मराठी घेऊन बी. ए. झालेली. आमची ओळख सुपरमार्केटमध्ये झाली. मी दुधाच्या कपाटापाशी उभी होते. मंगळसूत्र बघून ती सरळ माझ्याकडे आली, दह्याचा एक डबा माझ्यापुढे धरला आणि मराठीत म्हणाली, "यात जिलेटिन आहे का ते बघाल का जरा? माझा चष्मा राहिला घरी."

तिला चष्मा नव्हताच, हे मला पुढे कळलं.

पंधरा दिवसांत आम्ही 'अगं-तुगं'वर आलो. दोघींनाही दिवसभर काही काम नसायचं. नवरे साडेसातच्या बसने गेले की अकराच्या सुमाराला ती माझ्याकडे यायची नाहीतर मी तिच्याकडे जायचे. ती नकला फार छान करायची. खालच्या मजल्यावरचा म्हातारा कचरा न्यायला येणाऱ्या गाडीवाल्यांशी भांडायचा, त्याचं एक अक्षर तिला समजायचं नाही, पण त्याचा सूर ती असा पकडायची की मी हसून हसून खाली बसायचे. इतकं मी त्या गावात दुसऱ्या कुणाबरोबर हसले नाही.

महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, प्रोजेक्टवरची चार जोडपी मिळून रिंग रोडजवळच्या एका पबमध्ये जेवायला जायची. फॅमिली पब. एका बाजूला मुलांसाठी रंगीत चेंडूंचा हौद, दुसऱ्या बाजूला फुटबॉलची मॅच लावलेला टीव्ही. आमच्यापैकी कुणालाच मूल नव्हतं, पण दार उघडून आत गेलं की दाराशीच मुलांच्या मेन्यूचे कागद ठेवलेले असायचे, सोबत मेणाचे खडू. ती त्यातला एक कागद उचलून घ्यायची. टेबलावर सगळ्यांपुढे जाडजूड पुठ्ठ्याची मेन्यूकार्डं आणि तिच्यापुढे तो कागद, त्यावर ठिपके जोडून डायनॉसॉर काढायचं कोडं. वेट्रेस आली की ती चीज-टोमॅटोच्या पिझ्झाच्या चित्रावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "धिस वन, प्लीज."

ती पक्की शाकाहारी होती, अंडंसुद्धा नाही. त्या काळात तिथल्या मोठ्यांच्या मेन्यूवर शाकाहारी म्हणून दोन-तीन पदार्थ असत आणि ते शोधायला वकील लागावा अशी त्यांची वर्णनं असत. त्यामुळे कुणी फारसं विचारत नसे. "हिची भूक चिमणीची," एवढं तिचा नवरा म्हणायचा आणि विषय संपायचा.

खरं कारण तिने मला एकटीला सांगितलं. तिच्या किचनमध्ये आम्ही पुरणासाठी डाळ शिजत ठेवली होती. मी सहज म्हटलं, "पुढच्या वेळी तू ती मशरूमची डिश घे ना. पिझ्झा काय दर वेळी."

तिने झारा खाली ठेवला. "मला ते मोठं कार्ड वाचता येत नाही गं."

"म्हणजे?"

"म्हणजे अक्षरं येतात. साधं वाचते मी. बसवरचं, दुकानावरचं. पण त्या कार्डावर कसले कसले शब्द असतात. कशात काय घातलंय कळत नाही. विचारायला गेलं तर ती पोरगी काय बोलते तेही कळत नाही. मुलांच्या कागदावर चित्रं असतात. शाकाहारी असेल तिथे हिरवा व्ही असतो." मग ती म्हणाली, "यांना माहीत नाही. लग्न ठरताना माझ्या काकांनी सांगितलं होतं, मुलीचं इंग्लिश चांगलं आहे म्हणून. तू बोलू नकोस हं कुठे."

"वेडी आहेस का," मी म्हणाले. "मी कशाला बोलू?"

त्यानंतर मी तिला मंगळवारी कौन्सिलच्या लायब्ररीत न्यायला लागले. तिथे आम्ही स्वयंपाकाची पुस्तकं काढून बसायचो आणि मी तिला शब्द सांगायचे. ती वहीत देवनागरीत लिहून घ्यायची. मला शिकवायला आवडायचं. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मला जास्त येतं, हे मला आवडायचं. वर्षभर मी नोकरीसाठी अर्ज करत होते आणि कुठूनही उत्तर येत नव्हतं. आठवड्यातून एक दिवस मी कुणाच्या तरी वर असायचे.

मार्चमधल्या त्या शनिवारी टेबलावर एक नवीन बाई होती. मूळची मुंबईची, पंधरा वर्षं लंडनमध्ये काढून लीड्सला टेस्ट मॅनेजर म्हणून आलेली. तिच्या टीममध्ये एक जागा रिकामी होती. नवऱ्याने मला गाडीतच बजावलं होतं, "तिच्याशी नीट बोल. गप्प बसू नकोस. तिला स्मार्ट लोक आवडतात."

मी तिच्या शेजारी बसले आणि आल्यापासून बोलत होते. ती अर्धवट ऐकत होती. तिचं लक्ष माझ्या समोर बसलेल्या मैत्रिणीकडे गेलं, तिच्या हातातल्या कागदाकडे.

"सो क्यूट! तू किड्स मेन्यू का घेतलायस?" तिने विचारलं. त्यात वाकडं काही नव्हतं.

"मला भूक कमी असते," मैत्रीण म्हणाली.

आणि मी म्हणाले, "भूक कसली कमी! बाईसाहेबांना मोठ्यांचा मेन्यू वाचता येत नाही. चित्रं बघून ऑर्डर देतात."

लंडनची बाई हसली. मोठ्याने, मान मागे टाकून हसली. मग बाकीचेही हसले. मला आत कुठेतरी बरं वाटलं. तासाभरात पहिल्यांदा तिने माझ्याकडे पूर्ण वळून पाहिलं होतं.

मैत्रीण हसली नाही, रागावलीही नाही. तिने फक्त तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तोही हसत नव्हता.

"खरं आहे का हे?" त्याने विचारलं.

मग त्याने स्वतःचं कार्ड उचललं, तिच्यापुढचा कागद बाजूला सारला आणि तिथे ते कार्ड ठेवलं.

"वाच."

"अहो, घरी..."

"घरी नाही. इथे वाच. आम्ही सगळे थांबतो."

त्या वेळी कुणीही काही बोलू शकलं असतं. नऊ माणसं होतो आम्ही. माझा नवरा पाण्याचा ग्लास फिरवत बसला. लंडनच्या बाईला वाटलं असावं की ही नवरा-बायकोची नेहमीची थट्टा आहे, ती अजून हसऱ्या चेहऱ्याने बघत होती. मी मेन्यूकार्डात डोकं घातलं.

तिने वाचायला सुरुवात केली. बोट ठेवून. "ग्रिल्ड... गोट्स... चीज... ऑन..." मग ती थांबली. पुढचा शब्द चियाबाटा होता, एक इटालियन पाव. तिने तो तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितला आणि मग म्हणाली, "सियाबट्टा."

कुणीतरी फस्सकन हसलं.

"बट्टा!" तिचा नवरा म्हणाला. "बट्टा तर तू लावलास. पुढे."

ती पुढे वाचत गेली. तिचा आवाज कापत नव्हता, हे मला अजून आठवतं. शाळेत उभं करून वाचायला लावल्यासारखी ती एका सुरात वाचत होती. आम्ही लायब्ररीत केलेले तीन-चार शब्द मध्ये आले, ते तिने बरोबर म्हटले, आणि तेवढ्यापुरती माझ्याकडे पाहत राहिली. मी वर बघितलं नाही तरी मला ते कळत होतं.

तेवढ्यात वेट्रेस आली. सोळा-सतरा वर्षांची पोर, कानामागे पेन. मैत्रिणीने कार्ड मिटलं. वेट्रेसने बाजूला सारलेला कागद बघितला आणि चांगुलपणाने विचारलं, नेहमीचा लहानांचा पिझ्झा का? मग तीच ओशाळून म्हणाली की आता नवीन मॅनेजर आलेत, ते म्हणतात हा मेन्यू दहा वर्षांखालच्यांसाठीच द्यायचा.

"नो," मैत्रीण म्हणाली. "हाफ रोस्ट चिकन."

"अगं," मी म्हणाले. तेवढंच.

"हाफ रोस्ट चिकन," तिने पुन्हा सांगितलं, स्पष्ट, एकही अक्षर न चुकता. "विथ ग्रेव्ही."

तिच्या नवऱ्याला वाटलं ती खाणार नाही. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं. ताट आलं. अर्धी कोंबडी, तंगडीसकट, तपकिरी कातडी चकाकत असलेली. ती थोडा वेळ ताटाकडे बघत राहिली. काटा-सुरी कशी धरायची ते तिला नीट जमत नव्हतं, म्हणून तिने ती ठेवून दिली आणि हाताने एक तुकडा तोडला. तोंडात घातला. चावला. गिळला. मग दुसरा.

"पुरे आता," नवरा हळूच म्हणाला. "तमाशा नको."

ती खात राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं पण ती रडत नव्हती, उलटी दाबताना येतं तसं ते पाणी होतं. लंडनच्या बाईने मला हळूच विचारलं, "शी इज व्हेजिटेरियन, ना?" मी मान हलवली. हाडं तेवढी उरली तेव्हा तिने नॅपकिनने हात पुसले, उठली आणि बाहेर गेली.

खिडकीतून ती दिसत होती. कार पार्कच्या ठेंगण्या भिंतीवर पाठमोरी बसली होती. मी उठून जायला हवं होतं. मी लंडनच्या बाईला माझ्या पुण्यातल्या प्रोजेक्टबद्दल सांगत राहिले.

ती नोकरी मला मिळाली. एप्रिलच्या मध्यापासून मी जाऊ लागले, त्यामुळे अकराचं जाणं-येणं आणि मंगळवारची लायब्ररी आपोआप बंद पडली. आपोआप म्हणते, पण त्याआधीच्या महिनाभरात एकदाही मी तिच्या दारावर गेले नव्हते. ती दोनदा माझ्या दाराशी आली होती. दोन्ही वेळा मी आत होते आणि श्वास रोखून हॉलमध्ये उभी राहिले.

पुढच्या शनिवारच्या जेवणांना तिचा नवरा एकटा यायचा. पहिल्यांदा म्हणाला, "तिला बरं नाही." नंतर कुणी विचारलंही नाही.

सप्टेंबरमध्ये त्याने तिला परत पाठवायचं ठरवलं. माझ्या नवऱ्याकडे मोठी गाडी होती, म्हणून मँचेस्टर एअरपोर्टवर आम्ही सोडायला गेलो. दोघे पुरुष बॅगा ट्रॉलीवर लावत होते तेव्हा आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या होतो. ती बारीक झाली होती. मी म्हटलं, "पोचल्यावर फोन कर हं."

ती म्हणाली, "हे त्या दिवशी जे बोलले ते मी समजू शकते. त्यांना फसवलं असं वाटलं. तू का बोललीस?"

सहा महिने मी या प्रश्नाची वाट बघत होते. तरीसुद्धा तोंडातून आलं, "अगं, गंमत केली मी. तू किती मनाला लावून घेतलंस."

"हो का," ती म्हणाली. मग माझ्या स्वेटरच्या खांद्यावर धाग्याची गुंडी होती, ती तिने चिमटीने काढली आणि ट्रॉलीच्या मागे चालायला लागली.

दुसऱ्या वर्षी तिच्या नवऱ्याने नागपूरला घटस्फोटाचा दावा लावला. मुलीच्या शिक्षणाबद्दल खोटं सांगून लग्न लावलं, असं त्याचं म्हणणं होतं. त्या शनिवारी टेबलावर जे होते त्यांच्याकडून त्याला दोन-दोन ओळी लिहून हव्या होत्या. दुसऱ्या जोडप्यांनी टाळलं. माझ्या नवऱ्याला नाही म्हणता आलं नाही, कारण आता तिचा नवरा त्याचा बॉस होता.

ईमेल लिहून झाल्यावर त्याने मला लॅपटॉपपाशी बोलावलं. "इंग्लिश बघ जरा. कोर्टात जायचंय."

मी वाचलं. त्याने लिहिलं होतं, 'शी कुड नॉट एबल टु रीड सिम्पल मेन्यू.' मी म्हणू शकले असते की हे पाठवू नकोस. निदान म्हणू शकले असते की तिला वाचता येत होतं, चार शब्द तर मीच शिकवले होते. मी 'कुड' काढून 'वॉज' घातलं, 'सिम्पल'च्या आधी 'अ' घातला, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

तो ईमेल वापरायची वेळच आली नाही असं नंतर कानावर आलं. तिने काही न मागता सही करून दिली. तिच्या नवऱ्याचं पुन्हा लग्न झालं, मुंबईत, आणि आम्ही त्या लग्नाला गेलो. ती माहेरीच आहे, कुठल्याशा शाळेत लागली आहे, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं की तसं काही नाही. आजकाल शोधलं तर कुणीही सापडतं. मी शोधलेलं नाही.