पलीकडच्या काठावरचा कढीपत्ता

ऐंशीच्या दशकात आम्ही दहिसरला नदीकाठी भाड्याच्या खोलीत राहत होतो. अकरा महिन्यांचा करार संपला की बोचकी बांधायची आणि दुसरी खोली शोधायची. मी तर भिंतीत खिळासुद्धा ठोकत नसे. परक्याचं घर सजवायची हौस कुणाला?

पलीकडच्या काठावर आमच्यासारखीच एक भाडेकरू बाई होती, मालवणकडची. नाव मी कधी विचारलं नाही. मागच्या दारी तिने कढीपत्त्याचं वीतभर रोप लावलं होतं. तांदूळ धुतलेलं पाणी रोज त्याला घाली आणि पदराला हात पुसत बघत उभी राही. उन्हाळ्यात नदी आटली तेव्हा मी पात्रात उतरूनच तिला विचारलं, "अगं, याची पानं खुडायच्या आत तुला खोली सोडावी लागेल ना?"

"सोडूची लागतलीच गो," ती हसली. "पण जी मागसून येतली, तिका फोडणीक नको?"

पावसाळ्याआधी ती गेली. दिवाळीनंतर आम्हीही आमच्याच काठाला, जरा पुढे, नवी खोली घेतली. सामान आत जायच्या आधी मी मागचं दार उघडलं. नुसती माती आणि फुटक्या लाद्या. या खोलीत आधी राहिलेल्या बाईने काही म्हणजे काही लावलं नव्हतं. मला तिचा चक्क राग आला.

मग मी शेजारी कुदळ मागायला गेले.