बिनमातीच्या पालकाची माती

गोपीनाथ माळव्यातल्या एका कापडमिलमध्ये लागला तेव्हा त्याला दोन हात होते. डावा यंत्रानं घेतला आणि ब्याण्णव साली मिल बंद झाली तेव्हा उरलेला गोपीनाथही बाहेर पडला. पुढची दहा वर्षं तो छत्रीबागेतल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देत राहिला. त्याला उजवा हात पुरेसा होता.

मग शेजारच्या यामिनीताईंनी गच्चीवर बिनमातीची शेती काढली. लांब पाइप, पाइपांना भोकं, भोकांत रोपं आणि आतून दिवसभर झुळझुळणारं खताचं पाणी. नांगरायला नको, खुरपायला नको. माणसंही त्यांनी मुद्दाम निवडून घेतली. एका हाताचा गोपीनाथ आणि आंधळी बेबी. बेबी मुळं चाचपून सांगायची, हा पालक आज काढा, तो परवा.

पालक आला तो हिरवागार, मुळं ताज्या सुतासारखी पांढरी. पण विकेना. राजवाड्याच्या बाजारात बायका जुडी उलटी करून मुळं बघत आणि परत ठेवत.

"भिया, इसमें मिट्टी किधर है? प्लास्टिकचा आहे का?"

यामिनीताई म्हणाल्या, "गोपीनाथजी, या महिन्यात विकला गेला नाही तर गच्ची बंद करावी लागेल."

मिलचा शेवटचा भोंगा गोपीनाथनं ऐकला होता. आता पुन्हा ओट्यावर बसायची त्याची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो मावसभावाच्या शेतातून डबाभर काळी माती घेऊन आला. जिन्याखाली बसून मुळांना फासू लागला, नवरीला हळद लावावी तशी, हलक्या हातानं. माळव्याची आमची माती ती, एकदा धरलं की सोडत नाही. बाजारात टोपली दुपारच्या आत रिकामी झाली.

बेबीला वासानंच कळलं. "काका, पाऊस नाही, पाणी नाही, आणि जिन्यात चिखल?"

"चूप. तुला काय दिसतंय?"

"मला नाही हो. ताईंना दिसेल ना."

दिसलंच. हॉटेलवाले धनेशजी गच्ची बघायला आले आणि जिन्यातच टोपलीला अडखळले. त्यांनी एक जुडी उचलून पाहिली आणि मळलेलं बोट वर धरलं.

"मॅडम, बिनमातीचा म्हणालात ना?"

गोपीनाथ पुढे झाला. "माती मी लावली, साहेब. स्वच्छ पालक कोणी घेईना, म्हणून मळवला."

बेबीनं धनेशजींचा हात धरून त्यांना वर नेलं, पाइपातलं रोप उपसून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "आता शोधा माती."

धनेशजींनी शोधली, सापडली नाही. मग हसत सुटले. रोज पन्नास जुड्या ठरल्या, पण स्वच्छ. गोपीनाथचा डबा ताईंनी उभ्या उभ्या रिकामा करायला लावला.

चौथ्या दिवशी हॉटेलातून फोन आला. धनेशजींचा आवाज दबका होता.

"मॅडम, वो... आमचे स्वयंपाकी महाराज हा पालक शिजवत नाहीत. म्हणतात, असली नहीं है. थोडी माती लावून पाठवता का?"

ताईंनी फोन ठेवला. गोपीनाथ एकाच रोपाकडे फार मन लावून बघत होता.

संध्याकाळी त्या स्वतः डबा भरून आल्या आणि जिन्याखाली त्याच्याशेजारी बसल्या.

"किती लावायची?"

"आधी," गोपीनाथ मास्तरासारखा म्हणाला, "बांगड्या मागे सारा."