खोट असलेला तुकडा

प्रयोगशाळेत सगळे तिला तिखटी म्हणत, आणि ते काही लाडानं नव्हे. कुणी मायक्रोस्कोपच्या टेबलाला नुसता हात टेकला तरी ती खाऊ की गिळू करायची. तिच्या मार्गदर्शक सरांशी तर छत्तीसचा आकडाच. इतकी वर्षं एका खोलीत काढली, पण दोघांनी एकमेकांना कधी "बरं आहे ना?" म्हणून विचारलं असेल तर शपथ.

भांडणाचं मूळ म्हणजे नखाएवढा काळा स्फटिक. चिकटपट्टी लावून ओढली की त्याचे थर पापुद्र्यासारखे निघायचे. थंड केला की त्यातले इलेक्ट्रॉन कुठे दाट, कुठे विरळ अशा ओळी धरायचे. हे लोक त्यालाच लाट म्हणतात. ऊब दिली की ही लाट विरायला हवी. पण जिथे एखादा अणू गळालेला होता, त्या खोट असलेल्या जागेभोवती ती चिकटून राहायची. हे तिखटीनं शोधलं होतं. अख्खा प्रबंध त्यावर उभा होता आणि त्याच तुकड्याची शेवटची मापं घ्यायची राहिली होती.

सरांना खोट म्हटलं की चीड यायची. लाट उबेतही टिकते, हा स्फटिकाचा अंगचाच गुण, असं ते जगभर सांगून बसले होते.

"खोट आहे म्हणून टिकते, सर," ती म्हणाली.

"तुझ्या हाताला वळण नाही, म्हणून तुला खोट दिसते," सर सगळ्यांदेखत म्हणाले. "आज लाट बघायला येणाऱ्या पाहुण्यांना नवा, स्वच्छ स्फटिक दाखवायचा. ती घाण फेकून दे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुकडा गुपचूप खिशात घालता आला असता, कोण झडती घेणार होतं? पण नाही. बाईनं तो सरांच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि वर विचारलं, "झालं समाधान?"

पाहुणे आले. स्वच्छ स्फटिकाला ऊब दिली, तर पडद्यावर लाटेचा मागमूस नाही. सरांचं तोंड उतरलं. तिला कोपऱ्यात घेऊन ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "अगं, तो जुना तुकडा आण ना."

"फेकला. तुम्हीच सांगितलंत."

काय गार वाटलं तिला! पाहुणे जाईपर्यंत ती त्याच मजेत होती. मग राहिलेली मापं आठवली, आणि ती मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांकडे धावली.

सर आधीच तिथे होते, तुकडा शोधायला बाह्या सरसावून. पण कचरा केव्हाच गाडीतून गेला होता, डबे धुऊन पालथे घातलेले होते.

"झालं समाधान?" सर म्हणाले.