‘नको’ म्हणायला पावसला

नवऱ्याने गाडी काढली तेव्हा मी पोटाशी उशी आवळून बसले होते. आंबा घाटातला प्रत्येक खड्डा आधी टाक्यांना कळायचा, मग मला. पंधरा दिवसांपूर्वी इस्तंबूलमध्ये माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं होतं. जठर कापून अंड्याएवढं ठेवलं आणि ते खालच्या आतड्याला जोडलं. हे सांगलीतही झालं असतं. पण सांगलीत कुठल्याही दवाखान्यात शिरा, सासऱ्यांच्या ओळखीचं कुणीतरी भेटतंच, आणि मग ‘कष्ट नकोत, आयती बारीक झाली’ हे जन्मभर ऐकायचं. म्हणून तुर्कस्तानची सहल! नवरा सोडून घरात कुणाला पत्ता नव्हता.

घरात नऊ माणसं, सगळी आग्रही. याआधी तीनदा वजन उतरवलं आणि तीनदा आग्रहाला बळी पडून पुन्हा चढवलं. नको म्हणायला मला कधी जमलंच नाही. या वेळी मात्र मी हट्टाला पेटले होते. चार चमचे मऊ अन्न, पाणी घोटघोट आणि गोड अजिबात नाही, हे अंगवळणी पडेपर्यंत घरापासून लांब राहायचं. सगळ्यांना सांगितलं, गुडघ्यांसाठी हवापालट.

रत्नागिरीजवळच्या पावसला कलमं (आंब्याची झाडं) मोहरली होती. सुनंदावैनींच्या जांभ्या दगडाच्या घरात मला खोली मिळाली आणि नवरा परत गेला. त्या पाहुणे ठेवतात आणि त्यांच्या हातच्या जेवणासाठी लोक मुद्दाम येतात. पहिल्याच दुपारी सुरमईचं कालवण, आंबोळ्या, सोलकढी. मी ॲसिडिटीचं निमित्त सांगून दोन चमचे पेज (पातळ मऊ भात) घेतली. वैनींचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी दोन पदार्थ वाढवले. माझी पंचाईत!

खाण्यात नाही तर चालण्यात तरी मी चोख होते. पहिल्या दिवशी गडग्यापर्यंत (कुंपणाच्या दगडी बांधापर्यंत), दुसऱ्या दिवशी देवळापर्यंत. चौथ्या दिवशी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून थेट सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर. तीनदा बसले, पण पोचले. खाली नारळांच्या शेंड्यांपलीकडे समुद्र पसरला होता. मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

उतरताना एका अंगणातून आजोबांनी हाक मारली.

“घाटावरनं आलाव न्हवं? बसा. गूळपानी घ्या.”

“नको, आत्ताच...”

“तसंच नाय जायाचं आमच्या दारातनं.”

झालं! गुळाचा खडा तोंडात गेला आणि वर अर्धा तांब्या पाणी मी घटाघटा प्यायले. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, पोटात मुरडा आला. मी त्यांच्या अंगणात आडवीच झाले. बिचाऱ्या आजोबांनी घाबरून वैनींना फोन लावला. वैनी पळत आल्या आणि रिक्षा बोलवा म्हणून ओरडायला लागल्या. त्यांना वाटलं, हृदयाचा झटका. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पोट कापलंय, गोड चालत नाही, थोड्या वेळात उतरेल, असं मी धापा टाकत सांगितलं.

अर्ध्या तासाने उतरलंही. मग वैनी माझ्यावर कडाडल्या.

“आदी सांगायला काय झालं? चार दिस मी चुलीपुढं रडत्येय, माझ्या हाताची चव गेली म्हनून!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाजेपायी मी या बाईला तिच्याच स्वयंपाकघरात खाली बघायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नैवेद्याची पितळी ताटली माझ्यापुढे ठेवली. चमचाभर गुरगुट्या भात, चमचाभर कुळथाचं पिठलं.

“देवाला एवढंच वाढत्ये मी. पोट भरलं नाय म्हनून तो कदी तक्रार करत नाय. तुमी पन करू नका.”

मी चाटूनपुसून खाल्लं. त्यानंतर वैनी मला आग्रह करायच्या तो फक्त चालायला जाण्याचा.

अठराव्या दिवशी सांगलीला परतले. जाऊबाईंनी वाटी पुढे केली. बासुंदी.

“किती वाळलीस गं! घे की, तुझ्यासाठीच आटवलीय.”

“नको, वहिनी.”

“एक चमचा तरी?”

“चमचाभरही नको. मला चालत नाही.”

सगळे बघायला लागले. सासरे, दीर, पोरं, सगळे तिथेच होते. मी इस्तंबूलपासूनचं सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन डॉक्टरांनी दोन तासांत उरकलं होतं. हे ‘नको’ म्हणायला मला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. आता कोण काय टोमणा मारतंय, याची वाट बघत मी उभी राहिले.

जाऊबाईंनी वाटी खाली ठेवली आणि माझा हात धरला.

“फार दुखलं का गं?”

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“फार दुखलं, वहिनी,” मी म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडले.