कुटुंबामागे एक खेळाडू

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर. ऑगस्टच्या लाँग वीकेंडच्या रविवारी, भर दुपारी, टोरोंटोजवळच्या मार्कहॅमच्या एका पार्कात, तिसरी इनिंग संपली त्या क्षणी. मराठी मंडळाच्या पिकनिकची मॅच चालू होती, शेजारच्या गावच्या मंडळाशी, आणि मावशीनं ओळीनं तीन जणांना आउट केलं होतं. मंडळाचे सेक्रेटरी पांढरी टोपी सावरत मैदानाच्या मधोमध आले, तिच्या हातातला चेंडू काढून घेतला आणि म्हणाले, "वहिनी, जरा मसालेभाताकडे बघता का? लाइन लागलीय."

मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "ही इनिंग धरायची नाही. परत खेळू."

हे इतकं सरळ सांगतेय, कारण नंतर ज्यानं त्यानं ते वाकडं करून सांगितलं. कुणी म्हणालं गैरसमज झाला. कुणी म्हणालं वहिनी दमल्याच होत्या. एकानं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'चलता है'. मराठी मंडळाच्या ग्रुपवर. हिंदीत.

मी अमरावतीची. टोरोंटोत कॉलेजला आहे आणि मार्कहॅमला मावशीच्या बेसमेंटमध्ये राहते. कॉलेजात भाडेकरूंच्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते, त्यामुळे कुणी 'चलता है' म्हणालं की माझं डोकं आपोआप तापतं. त्या उन्हाळ्यात घरी न जाता मी समर टर्म घेतली होती. विषय होता 'सिनेमा आणि समाज'. बाहेर लोक अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम चाटत फिरत होते आणि आम्ही खिडकी नसलेल्या खोलीत हुडी घालून कुडकुडत होतो, कारण त्या बिल्डिंगचा एसी कुणावर तरी सूड उगवत होता. प्राध्यापक सज्जन होते. त्यांचा सिद्धान्त एकच होता: खेळावरचा प्रत्येक सिनेमा मुळात बापाबद्दल असतो. आठवड्याला एक सिनेमा थिएटरात जाऊन बघायचा आणि त्यावर लिहायचं, हा अभ्यास. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "हे इथं अमरावतीत नव्हतं का जमत?"

सिनेमाला मी मावशीबरोबर जायचे. दर मंगळवारी. ती एका बँकेत ऑफिसचं काम करते, मंगळवारी घरूनच, आणि चार वाजले की लॅपटॉप असा बंद करते जसं कुणाचं तोंड बंद करावं. पर्समध्ये चिवडा. प्लास्टिकची पिशवी वाजू नये म्हणून तो स्टीलच्या डब्यात, आणि डबा पिशवीपेक्षा जास्त वाजायचा. इथल्या थिएटरात इंटरव्हल नसतो, याबद्दल तिला इतक्या वर्षांनंतरही राग आहे. "माणसाला लघवी लागते हे यांना मान्यच नाही," ती म्हणायची, आणि हिरोचा बाप मरायला लागला की उठून वॉशरूमला जायची. "तो काही लवकर नाही मरत. मी येते तोवर पुरतो."

क्लासमुळे बेसबॉलचे सिनेमे बरेच पाहावे लागले. सगळ्यांत शेवटचा चेंडू संथ गतीत येतो, हिरोला बाप आठवतो, चेंडू दिव्यांच्या वर जातो. मावशीला बापाशी देणंघेणं नव्हतं. ती पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, खांदा बघायची.

"हा असा हात फिरवून राहिला, तर दुसऱ्या दिवशी याला शर्ट घालता येणार नाही."

"मावशी, हळू बोल."

"हळूच बोलून राहिली. अन् या बायका काऊन स्टँडमध्ये बसून नुसते ओठ चावतात गं? मागच्या पिक्चरमधली पण चावत होती. यांना दुसरं काम नाही?"

तेवढ्या एका वाक्यावर मी क्लासचा निबंध लिहिला आणि मला चांगले मार्क मिळाले. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग अर्धी डिग्री माझी."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण मंडळातल्या निम्म्या लोकांना ती माहीत नाही आणि उरलेल्यांना ती विनोदी वाटते. मावशी सॉफ्टबॉल खेळायची. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचंच भावंड: चेंडू मोठा, मैदान लहान, आणि पिचर हात पूर्ण गोल फिरवून चेंडू खालून सोडते. आमच्याकडे विदर्भात शाळाशाळांत पोरी हा खेळ खेळतात. मावशी शाळेकडून खेळली, मग कॉलेजकडून, मग राज्याकडून. पिचर म्हणून. लग्न झालं, इकडे आली, आणि ज्या देशात गल्लोगल्ली या खेळाची मैदानं आहेत, त्या देशात तिनं चेंडू हातात घेतला नाही. का, तर कुणी बोलावलं नाही. स्वतःहून कुणाच्या दारात जायचं तर पोरगा लहान होता, मग नोकरी, मग सासूबाईंचं आजारपण. मग ते वयच गेलं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ती सोडून सगळ्यांनी.

सिनेमा सुटला की आम्ही घराजवळच्या पार्कात जायचो. उजेड नऊपर्यंत असतो. मी चेंडू झेलणाऱ्या कॅचरसारखी उकिडवी बसायचे, ती टाकायची. पहिल्याच मंगळवारी माझा तळहात सुजला. ग्लोव्ह घालूनही. मी म्हटलं, भिंतीवर टाक ना, मी लिहायचं कशानं? ती चेंडू हातात फिरवत उभी राहिली.

"समोर बॅट घेऊन कुणीतरी उभं पाहिजे गं. भिंत घाबरत नाही."

तिला काय हवं होतं ते एवढंच. एक मॅच. बॅट घेतलेला खरा माणूस समोर आणि चेंडू तिच्या हातात. इकडे आल्यापासून पंचवीस वर्षांत तिनं यापेक्षा मोठं काही मागितल्याचं घरात कुणाला आठवत नाही, आणि हेही तिनं मागितलं नाही. मी ओढून काढलं.

काका पुण्याचे. सॉफ्टवेअरमध्ये. माणूस वाईट नाही, पण बेसबॉल समजावून सांगायची हौस दांडगी. जूनमध्ये आम्हाला डाउनटाउनच्या स्टेडियममध्ये घेऊन गेले आणि पूर्ण वेळ मावशीलाच खेळ समजावत होते. "म्हणजे बघ, हा आपला फुलटॉस." "म्हणजे हा स्लिपमध्ये उभा असतो तसा." मावशी गुपचूप पॉपकॉर्न खात होती. शेवटी म्हणाली, "अहो, तो कर्व्ह टाकणार आहे आता." टाकला. चेंडू बॅटपाशी येऊन वळला. काका म्हणाले, "लक आहे." पुढचा पण तिनं आधी सांगितला. मग काका नाचो आणायला गेले ते बराच वेळ आले नाहीत.

आता मंडळाबद्दल. आमच्या मंडळात सगळं कुटुंबामागे एक असतं. सभासदत्व कुटुंबाचं. दिवाळी अंकाची प्रत कुटुंबामागे एक. सर्वसाधारण सभेत मत कुटुंबामागे एक. आणि पिकनिकच्या मॅचमध्ये खेळाडू कुटुंबामागे एक, टी-शर्टवर पाठीमागे आडनाव छापलेला. कुठंही लिहिलेलं नाही की तो एक म्हणजे नवरा. लिहायची गरजच काय. बायका ज्यात मोजल्या जातात तो आकडा मसालेभाताचा.

म्हणजे आमच्या घरचा खेळाडू काका. त्यांना उजवीकडच्या लांबच्या कोपऱ्यात उभं करतात, जिथं चेंडू सहसा येत नाही, आणि आलाच तर काका आदबीनं त्याला वाट करून देतात. मी जुलैत सेक्रेटरींना फोन केला. म्हटलं, या वर्षी काकांच्या जागी मावशी खेळेल.

"अगं, बायकांसाठी लिंबू-चमचा आहे की. वहिनींना सांग, मागच्या वर्षी मस्त रंगला होता."

"त्या राज्याकडून पिचर होत्या."

"हो का? वा, वा. मग त्यांना अंपायरच्या शेजारी खुर्ची देऊ."

पिकनिकच्या दिवशी दुसऱ्या इनिंगला काकांचा गुडघा धरला. पळताना नाही, उभ्या उभ्या. ते लंगडत आले, टी-शर्ट काढला, आत बनियन, आणि मावशीच्या हातात देऊन म्हणाले, "घे बाई, जा." हे श्रेय त्यांचं आहे आणि मी ते देतेय. मावशीनं आपल्या कुर्त्यावरच तो टी-शर्ट चढवला आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. आमचे पिचर होते एक रिटायर्ड डॉक्टर, बावन्न वर्षांपूर्वी इकडे आलेले. ते दोन इनिंगमध्येच धापा टाकत होते. त्यांनी तिला हाक मारली. "वहिनी, टाकता येतं का तुम्हाला? मग टाका. माझं हार्ट मला माहितीय."

मी बॅटवाल्याच्या पाठीमागच्या जाळीमागे होते, म्हणजे तिच्या अगदी समोर. तिनं चपला काढल्या. गवतावर पाय घासून जागा केली. आणि हात फिरला.

पहिला माणूस शेजारच्या गावच्या मंडळाचा कॅप्टन. त्यानं चेंडू बघितलाच नाही, आवाज ऐकला. तीन वेळा ऐकला आणि गेला, तीन हुकले की आउट. दुसऱ्यानं बॅट फिरवली तेव्हा चेंडू कॅचरकडे पोचून थोडी विश्रांती घेत होता. मसालेभाताच्या लाइनीतल्या बायका एकेक करत ताटं घेऊन जाळीपाशी यायला लागल्या. तिसरा नागपूरचा, नुकताच आलेला पोरगा. आउट झाला, तिघे गेले म्हणजे इनिंग संपली, तरी मैदान सोडेना. म्हणाला, "काकू, अजून एक टाका नं. प्लीज. फक्त बघायचाय."

मावशी हसली. मी तिला तसं हसताना आधी पाहिलेलं नव्हतं. मोठं नव्हतं हसू, तिरपं होतं, जरा दुष्टच.

आणि तेवढ्यात ती पांढरी टोपी.

सेक्रेटरींनी कारणं दिली. एक, या कुटुंबाचा खेळाडू खेळून झालाय. दोन, वहिनी फार फास्ट टाकतात, कुणाला लागलं तर पार्कच्या इन्शुरन्सची भानगड होईल. तीन, हा फॅमिली गेम आहे. म्हणजे बघा, जिला खेळता येत नाही तिला लिंबू-चमचा, आणि जिला येतं तिच्यापासून इन्शुरन्स. मी जाळीवर चढून ओरडत होते, ते कुणीतरी काढलेल्या व्हिडिओत आहे, मला त्याची लाज नाही. डॉक्टर म्हणाले, "अहो, खेळू द्या की तिला." त्यांना कुणीतरी पाणी दिलं आणि सावलीत बसवलं. मग सगळ्यांनी काकांकडे बघितलं. मावशीनं पण. काका बनियनवर, हातात ताट.

"जाऊ दे ना गं," काका म्हणाले. "पिकनिकच आहे."

मावशीनं टी-शर्ट काढला, नीट घडी घातली आणि त्यांच्या खुर्चीवर ठेवला. मसालेभाताकडे ती गेली नाही. पार्किंग लॉटमध्ये जाऊन गाडीत बसली, काचा बंद करून.

घरी येताना हायवेवर काकांनी एकदा रेडिओ लावला आणि स्वतःच बंद केला. घरी आल्यावर मी बेसमेंटमध्ये जाऊन पत्रक लिहिलं, जळजळीत, आणि वर आणून तिला वाचून दाखवलं. ती भेंडी चिरत होती.

"पीडित काय गं? मी काय पूरग्रस्त आहे? खोड ते."

खोडलं.

"अन् 'पुरुषी सत्तेचा माज' पण खोड. सेक्रेटरीला कुठली सत्ता, त्याला घरी रिमोट मिळत नाही. सरळ लिही. मी तीन आउट केले, त्यांनी ते पुसले. माझे आउट मला परत पाहिजेत अन् पुढच्या वर्षी चेंडू पाहिजे."

काका दारात उभे होते. म्हणाले, थंडी पडली की सर्वसाधारण सभा आहे, तिथं नियम बदलायचा ठराव आणता येईल. "मी तुझ्या बाजूनं मत देईन ना."

मावशीची सुरी थांबली. "माझं मत तुम्ही काऊन देता?"

काकांना उत्तर सापडायला आठवडा लागला. पुढच्या सोमवारी जेवताना, आमटीकडे बघत, ते म्हणाले, "सभेला तूच जा. मी नाही येत." मावशीनं मान हलवली आणि त्यांना आणखी भात वाढला. एवढंच झालं. पण मंडळात चाळीस वर्षांत हे कुणी केलं नव्हतं, डॉक्टरांनीच मला सांगितलं.

आता हिशोब सोपा आहे. ठराव येणार: कुटुंबामागे एक खेळाडू हा नियम रद्द, ज्याला किंवा जिला खेळायचंय ते खेळतील. त्यावर मत देणार कुटुंबामागे एक जण. म्हणजे बायकांनी खेळायचं की नाही हे त्यांचे नवरे ठरवणार, हॉलमध्ये, कॉफी पीत, आणि बायका मागच्या किचनमध्ये साबुदाणा वडे तळणार. मावशी गेली तर तिचं एक मत. एका मतानं काय होतं ते सेक्रेटरींना चांगलं माहीत आहे, म्हणून ते इतके गोड बोलतात सध्या.

तर तुम्ही, जे हे वाचताय आणि ज्यांच्या नावावर मंडळाचं सभासदत्व आहे. मावशीबद्दल हळहळू नका, तिला ते आवडत नाही. ठरावाला पाठिंबा आहे असं मला मेसेज करून सांगू नका. या वर्षी सभेला जाऊ नका. घरी थांबा, भांडी घासा, मॅच बघा, काहीही करा. तुमच्या घरचं ते एक मत तुमच्या बायकोच्या हातात द्या, कसं द्यायचं ते तिला सांगू नका, आणि तिला हॉलच्या दारापर्यंत सोडून गाडी परत घेऊन जा.